शिळं पाणी

भरतीबुवांशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या किनाऱ्यावर अजून जन्माला यायचा होता. खाडीच्या तोंडाशी दगडमातीचा बांध, बांधात दार, दाराला लागून दोन खोल्यांचं घर आणि त्या घरात बुवा. आधी आजा दार राखत होता, मग बाप, मग हे. भरती आली की समुद्राचं पाणी तळ्यात घ्यायचं, ओहोटी लागली की अडवायचं आणि तिथून मिठागराच्या वाफ्यांना सोडायचं, एवढंच काम. पण एवढंच म्हणणाऱ्यानं ते एक दिवस करून दाखवावं. समुद्र रोज दोनदा येतो आणि रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा येतो. त्या घरात जेवण भूक लागली म्हणून होत नसे, पाणी मोकळीक देई तेव्हा होई.

यंत्राचं स्वस्त मीठ बाजारात आलं आणि मिठागर बसलं. वाफे कोरडे पडले, त्यांत गवत माजलं. तरी बुवा दोन्ही वेळा दारावर हजर. कशाला, असं विचारायची सोय नव्हती. घर चालायचं ते सुनेच्या शिंपल्यांवर आणि लेकाच्या मजुरीवर. सून ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायची, खुरप्यानं शिंपले काढायची, पाठीचे टाके ढिले होईपर्यंत वाकायची. बुवांचे गुडघे गेले होते, त्यामुळे गेली काही वर्षं दाराखालचा चिखलही तीच उपसत होती. बुवा वर बसून सांगायचे, ती खाली करायची.

तिचा नवरा खाडीपलीकडच्या अणुवीज केंद्रात कंत्राटी मजूर होता. यंत्रं थंड करायला तिथं समुद्राचं पाणी आत घेत. त्या पाण्याच्या वाटेवरच्या जाळ्यांत अडकलेलं शेवाळ, प्लॅस्टिक आणि जेलीफिश काढायचं त्याचं काम. सुट्टीला तो घरी यायचा तेव्हा हातावर डंखांचे लाल चट्टे असायचे. सून त्यावर तेल चोळत बसायची आणि बापलेकांचं जुंपायचं.

"बाबा, तुमचा समुद्र दिवसातून चारदा थांबतो," नवरा म्हणायचा. "भरतीच्या टोकाला थांबतो, ओहोटीच्या टोकाला थांबतो. आमची भट्टी महिनोन् महिने थांबत नाही."

"जे थांबत नाही त्याची मला भीती वाटते," बुवा म्हणायचे. "श्वाससुद्धा घेतल्यावर आणि सोडल्यावर जरा थांबतो."

"श्वासावर बर्फाचा कारखाना चालत नाही."

यावर बुवा मान फिरवून खिडकीबाहेर बघत. लेकाचं बोलणं चुकीचं नसे, हेच तर दुखणं होतं.

त्या साली सगळा किनारा विजेच्या नावानं खडे फोडत होता. कोळशाचं जुनं वीजघर धूर ओकत ओकत कायमचं बंद झालं होतं. वीज यायची पाहुण्यासारखी, आणि जायची न सांगता. बर्फाचा कारखाना अर्धा दिवस बंद, होड्या माल घेऊन आल्या की धक्क्यावर बर्फासाठी मारामारी, आणि मारामारी संपेपर्यंत मासे डोळे पांढरे करून बसलेले. मग वरून दोन वाटा सांगितल्या गेल्या. एक, पलीकडचं केंद्र वाढवायचं. तसं झालं तर केंद्राभोवतीचा मोकळा पट्टाही वाढणार, त्यात कोणी राहायचं नाही, आणि बुवांचं दार नि घर बरोबर त्या पट्ट्यात. दुसरी, खाडीच्या तोंडाशी भरतीवर फिरणारी चाकं बसवायची, जोडीला टेकडीवर पवनचक्क्या आणि ओसाड वाफ्यांवर उन्हापासून वीज करणाऱ्या पाट्या. तसं झालं तर बांध राहणार, दार राहणार, घर राहणार. कोणती वाट धरायची हे ठरवायला एक परीक्षा ठेवली. बुवांच्या दारात एक लहान चाक बसवायचं आणि टेकडीवरच्या दोन पवनचक्क्यांना नि थोड्या पाट्यांना सोबत घेऊन त्यानं बर्फाचा कारखाना चालवून दाखवायचा. जोरदार भरती आली की मग कमजोर भरतीचे दिवस येतात, ते सगळं चक्र पार पडलं पाहिजे.

चाक घेऊन इंजिनियरबाई आल्या. उंच, बूट चिखलानं भरलेले, आणि कोणालाही अहोजाहो करणाऱ्या. त्यांनी सुनेला पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, मोठी चाकं बसली तर तुमचा थोडा चिखल कायमचा पाण्याखाली जाईल. शिंपले कमी होतील. आत्ताच सांगून ठेवते."

"आणि नाही बसली तर घर जाईल," सून म्हणाली. "म्हणजे थप्पड एका गालावर नाहीतर दुसऱ्या."

बाई हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

दाराची रचना अशी होती. एका मोरीला लाकडी झडप, वरून बिजागरीत टांगलेली. बाहेर समुद्र चढला की तो झडप आत ढकलून तळ्यात शिरे. समुद्र उतरायला लागला की तळ्याचंच पाणी झडपेला आतून दाबून धरी आणि ती आपोआप मिटे. शेजारच्या मोरीत आता चाक बसलं होतं, त्यापुढे वर उचलायची फळी, आणि फळी उचलायला रहाट. बाहेर समुद्र पुरेसा उतरला की रहाट फिरवायचा, तळ्याचं पाणी चाकावरून बाहेर पडायचं, चाक फिरायचं.

पहिल्या दिवशी भरती जोरात होती. सगळी वस्ती बांधावर जमली. बुवा रहाटाला हात घालून उभे. त्यांनी ओठ मिटले, पाण्याकडे पाहिलं आणि मूठ फिरवली. आधी खालून घरघर आली, मग बांधाचे दगड पायाखाली थरथरले, आणि दूर कारखान्याच्या दारावरचा दिवा लागला. भर दुपारी लागलेला तो दिवा, त्याचा उजेड काय पडणार? पण पोरंबाळं ओरडली, आणि सून चाकाच्या मोरीवर वाकून बघू लागली. हेच पाणी, हाच चिखल. रोज डोक्यावरून वाहून न्यायची ती शिंपल्यांची पाटी याच पाण्यातली, आणि यात एवढं बळ होतं?

"एवढं पाणी उचलतं तरी कोण?" तिनं बाईंना विचारलं.

"चंद्र उचलतो. थोडा हात सूर्याचा."

सुनेनं वर पाहिलं. दिवसाउजेडी चंद्र कोरीएवढाच, फिकट, खरवडल्यासारखा दिसत होता. तो एवढ्या लांबून हे सगळं ओढून नेतो आणि परत आणून ठेवतो, हे तिला शाळेत कोणी सांगितलं असेल, पण कळलं त्या दिवशी. पुढं कितीतरी वेळ ती हातातलं काम विसरून उभी राहिली.

भरतीचा जोर असेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. कारखान्याचा मालक, बर्फवाला, बुवांना वाटेत गाठून चहा पाजू लागला. मग भरत्या कमी होत गेल्या, आणि नेमकं आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतं झाकोळ. उन्हाच्या पाट्या मलूल पडल्या. वाराही असा पडला की टेकडीवरची पाती दोन दिवस जागची हलली नाहीत, आणि काय झालं ते बघायला इंजिनियरबाईंना टेकडीवर मुक्काम टाकावा लागला. आता सगळी भिस्त दारावर.

"चंद्र काही आभाळ आलंय म्हणून सुट्टी घेत नाही," बुवा म्हणाले. पण कमजोर भरतीत तळं निम्मंच भरत होतं, आणि चाक लवकर दमत होतं, ते त्यांना दिसत होतं. सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सुनेला म्हणाले, "या ओहोटीला दार उघडायचं नाही."

"का, मामंजी?"

"पाणी राखायचं. या भरतीचं पाणी तसंच ठेवू, पुढच्या भरतीचं त्यावर घेऊ. दोन भरत्यांचं पाणी एकदम सोडलं की चाक कसं पळतं बघ. ताजं पाणी माशाला, शिळं पाणी मिठाला. माझ्या बापानं कमजोर भरतीत हेच केलं, आजानं हेच केलं."

मिठागरवाल्यांचं हे गुपितच होतं. तळ्यातलं पाणी चार दिवस शिळं झालं की दाट होई आणि त्याचं मीठ भरघोस पडे. ज्यानं पाणी राखलं त्यानं पीक राखलं, हे त्या घराच्या हाडीमासी मुरलेलं. सुनेनं मान हलवली. सासऱ्यांना पाण्यातलं शिकवणारी ती कोण?

ओहोटी आली नि गेली, फळी मिटलेलीच राहिली. पुढच्या भरतीला सून झडपेपाशी चिखल उपसायला खाली उतरली होती. पाणी चढत चढत तिच्या कमरेला लागलं, झडपेच्या अर्ध्यावर आलं, तिथंच थबकलं आणि उतरायला लागलं. झडप हललीसुद्धा नाही. तिच्या फटीत अडकलेलं शेवाळाचं पान होतं तिथंच चिकटून राहिलं. सून त्या पानाकडे बघत राहिली. तळं आधीच्या भरतीनं जिथवर भरलं होतं तिथवरच आताचा समुद्र आला, मग तो आत शिरेल कसा? भरलेल्या हंड्यात तेवढ्याच उंचीवरून पाणी पडत नाही. राखलेल्या ओहोटीनं एक थेंबही वाढवला नव्हता, उलट चाकाची एक आख्खी पाळी बुडाली होती.

आणि आजा-पणजाचं कसं जमत होतं? तेव्हा वाफे तळ्याचं पाणी पीत होते, ऊन उरलेलं शोषत होतं, तळं उणं होई म्हणून नवं पाणी आत येई. आता वाफे कोरडे आणि ऊन गायब. हे तिला तिथंच, कमरेभर पाण्यात कळलं. वर बुवा रहाटाजवळ डोळे मिटून, कान देऊन बसले होते, चेहऱ्यावर समाधान. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या माणसाला "असं नाही" म्हटलं नव्हतं. ती वर आली, पाय धुतले आणि चुलीकडे गेली.

कमजोर भरतीचे सगळे दिवस बुवा एक ओहोटी राखत आणि एक सोडत राहिले. कारखान्याचं यंत्र धापा टाकू लागलं. बर्फाच्या लाद्या आतून पोकळ, मग पातळ, मग नुसतं थंड पाणी. एका दुपारी होड्या भरून आल्या आणि द्यायला बर्फच नव्हता. माल धक्क्यावर पडून राहिला, संध्याकाळपर्यंत वास घरांत शिरला. बर्फवाला तडक बांधावर आला.

"म्हाताऱ्या, तुझ्या समुद्रात जीव नाही रे! चार लोकांचं पोट बुडवलंस!"

बुवांना एकेरीत बोलणारा तो पहिला माणूस. ते उठून उभे राहिले. सुनेनं मान खाली घातली, आणि अन्न गिळावं तसा तो अपमान दोघांनी उभ्याउभ्या गिळला. त्याच संध्याकाळी पलीकडच्या केंद्राची तार कारखान्याला जोडली आणि यंत्र धडधडायला लागलं.

इंजिनियरबाई टेकडीवरून धावत आल्या. "मला वाटलं होतं त्याच्या निम्मीच वीज निघाली. आजोबा, पाणी वाया तर गेलं नाही ना कुठं?"

"माझ्या तळ्यातून थेंब वाया गेला नाही," बुवा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. बाईंनी एवढ्या जुन्या माणसाला उलट विचारलं नाही. दारात उभी असलेली सून आत वळली.

कोणती वाट धरायची ते ठरवणारी सभा दोन दिवसांवर आली होती. मधल्या दिवशी केंद्रात कामगारांच्या घरच्यांना आत नेऊन दाखवणार होते. नवऱ्यानं बापाचं आणि बायकोचं नाव आधीच दिलं होतं. बुवा कधीच आले नसते, पण त्या दिवशी धुतलेला सदरा घालून नावेत बसले. निघण्यापूर्वी त्यांनी तळं भरून घेतलं आणि सवयीनं तसंच राखून ठेवलं.

सुनेनं केंद्राचा घुमट लांबून रोज पाहिला होता. जवळून तो आभाळ अडवत होता. शिरस्त्राण घालून, यंत्रापुढे हात दाखवून, एकामागून एक जाड दारं ओलांडत ते चालले. एका दालनात शिरल्यावर तिचे पाय जमिनीला खिळले. तिथं एक लोखंडी दंड फिरत होता, सगळ्या वस्तीच्या गल्लीएवढा लांब. फिरतो आहे हे दिसतही नव्हतं इतक्या वेगानं. पायातून थरथर चढली ती थेट दाढांपर्यंत. बुवांनी कठड्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले, जसे ते बांधावर मिटत.

"हे कशानं फिरतं?" त्यांनी विचारलं.

"वाफेनं, बाबा," नवरा म्हणाला. त्याचा आवाज आज वेगळा होता, मोठा आणि मऊ. "शेवटी पाणीच. फक्त तापवणारं जळण वेगळं. बोटाच्या पेराएवढी गोळी, आणि तिच्यात टेंपोभर कोळशाची धग. धूर नाही, राखेचे ढीग नाहीत. वारा पडो, आभाळ येवो."

मग त्यांना एका जाड काचेपाशी नेलं. काचेपलीकडे खोल हौद, आणि हौदाच्या तळाशी निळा उजेड. दिव्याचा नव्हे, पाण्याचाच. असा निळा सुनेनं ना आभाळात पाहिला होता ना समुद्रात. बारीक उभ्या कांड्या त्या उजेडात शांत उभ्या होत्या. देवळात जावं आणि देव खरंच समोर उभा असावा, तसं काहीतरी झालं तिला. भीती वाटली आणि तिथून हलवेनाही.

"हे जळून झालेलं जळण," दाखवणारा माणूस म्हणाला. "काम संपलं, पण धग संपलेली नाही. म्हणून पाण्यात राखतो."

राखतो हा शब्द ऐकून बुवांनी वळून पाहिलं. "किती दिवस राखायचं?"

"इथं काही वर्षं. मग जाड डब्यांत, आणि मग खोल दगडाखाली." तो प्रामाणिक माणूस होता. "सगळं मिळून म्हणाल तर पणतूच्या पणतूंच्याही पुढं. कितीतरी पुढं."

"आणि राखणार कोण?"

"आज आम्ही. आमच्यानंतर आमच्या जागी येतील ते."

बुवांनी त्या माणसाला हात जोडले. थट्टेनं नव्हे. "माझ्या घरात तीन पिढ्या दार राखलं. चौथी तुमच्याकडे जाळ्या धुते. तुमची राखण फार मोठी आहे, बाबा."

परतीच्या नावेत नवरा उत्साहात होता. केंद्र वाढलं की त्याची नोकरी कायम होणार होती, आणि कायम झालेल्याला खोल्या मिळत. "नळ घरात. चोवीस तास पाणी. चिखलात उतरायला नको तुला."

सून ऐकत होती. नळ तिलाही हवा होता. कंबर तिचीच मोडत होती, बुवांची नव्हे.

बुवा समुद्राकडे बघत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पोरा, तू म्हणतोस ते खरं. आपली भरती म्हणजे त्याच्यापुढं चूळ. उद्या सभेत मी सांगून टाकतो. समुद्र दमला, दार काढा."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर सुनेनं सोडून दिलं असतं. पण ते म्हातारं माणूस आपल्या हातानं आपल्या देवाला दुबळा ठरवत होतं, तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी. निळा उजेड अजून तिच्या डोळ्यांत होता. त्याचं मोठेपण तिनं आज डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याला खोट्या साक्षीची काय गरज?

"मामंजी," ती म्हणाली, "झडप उघडलीच नव्हती."

"काय?"

"पाणी राखलंत ना, त्यानंतरच्या भरतीला. मी खाली होते. समुद्र तळ्याच्या बरोबरीला आला आणि परत गेला. थेंब आत आला नाही. रोज तसंच झालं. एक ओहोटी फुकट गेली, दरवेळी."

नावाड्यानं वल्हं मारणं थांबवलं की काय असं तिला वाटलं. बुवांच्या कपाळावरची शीर उठली. "तू मला दार शिकवतेस?"

"नाही. मी पाहिलं ते सांगते. आधीच सांगायला हवं होतं, माझी हिंमत झाली नाही."

"अगं, तुला कळतंय का तू काय करतेयस?" नवरा हळूच म्हणाला. तिला कळत होतं. घरातला नळ नावेतून खाली समुद्रात पडताना तिला जवळजवळ ऐकू आला होता.

बुवा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळच्या भरतीला सून बाहेर आली तर ते दाराच्या पायऱ्या उतरत होते, गुडघ्यावर हात दाबत, एकेक पायरी बसून. तिनं आधार द्यायला हात पुढं केला, त्यांनी तो झिडकारला. ते कमरेभर पाण्यात उभे राहिले आणि झडपेवर तळहात टेकवला, तापल्या कपाळावर ठेवावा तसा. समुद्र चढत होता. काठाकाठानं, न सांगता, सगळ्या क्षितिजाचं पाणी त्या एका झडपेकडे येत होतं. आलं, टेकलं आणि थांबलं. आत तळं, बाहेर समुद्र, दोन्ही एका पातळीत, मध्ये बोटभर जाड लाकूड आणि म्हाताऱ्याचा हात. झडप हलली नाही. मग पाणी हळूहळू उतरू लागलं.

बुवा कितीतरी वेळ तसेच उभे होते. सुनेला वाटलं ते रडताहेत. ते वळले तेव्हा चेहरा ओला होता, पण तो कशानं, हे समुद्रात उभ्या माणसाचं सांगता येत नाही.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "आता हात दे."

सभा लिलावाच्या शेडमध्ये भरली. माशांचा वास धुऊनही गेला नव्हता. इंजिनियरबाई बोलल्या, केंद्राचे साहेब बोलले, आणि दोघंही एकमेकांना मान देऊन बोलले. मग बुवा उठले.

"समुद्र दमला नव्हता," ते म्हणाले. "मी चुकलो. मी मिठाच्या रीतीनं वीज पिकवायला गेलो." आणि त्यांनी शिळ्या पाण्याची सगळी हकिकत सांगितली, काही न लपवता, सुनेनं धरलेली चूक सुनेच्याच नावावर ठेवून.

कोणीतरी फिस्कन हसलं, आणि हसू शेडभर पसरलं. बर्फवाला उठून ओरडला, "म्हणजे होड्यांचा माल तुमच्या शहाणपणानं सडला! आणि आता काय, पुन्हा सडवायचा?"

"पुन्हा एकदा कमजोर भरती येईल तेव्हा बघा," बुवा म्हणाले. कान लाल झाले होते, पण ते खाली बसले नाहीत. "केंद्र मी पाहून आलोय. ते थोर आहे. त्याच्यापुढं हरलो तर हरलो. पण तराजूत आमच्या बाजूला खरं माप तरी पडू दे."

केंद्राचे साहेबच आधी हो म्हणाले. इंजिनियरबाईंनी विचारलं, "आणि दारावर कोण असेल?"

"माझी सून," बुवा म्हणाले. नवऱ्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं, जणू ती आत्ताच कुठून तरी आली होती.

पुढची कमजोर भरती आली तेव्हाही आभाळ काही फार मोकळं नव्हतं. सून प्रत्येक भरतीला तळं भरून घेई आणि प्रत्येक ओहोटीला सोडी. दोन्ही वेळा, कंटाळा न करता, अंग ठणकत असलं तरी. पाणी थांबे तेव्हा चाकही थांबे, ते कोणाच्या बापाला चुकलं नसतं. पण मधल्या वेळात कारखान्यात गोठलेला बर्फच आपला गारवा धरून राही, आणि चाक पुन्हा फिरेपर्यंत लाद्या विरघळत नसत. फारच ताण पडला तेव्हा एकदा केंद्राची तार घ्यावी लागली. नवऱ्यानं ते हसत ऐकवलं, आणि बुवांनी हसत ऐकून घेतलं.

शेवटच्या दिवशी बर्फवाला बांधावर आला. खांद्यावर गोणपाटात बांधलेली लादी. त्यानं ती बुवांसमोर दगडावर ठेवली, गोणपाट सोडलं आणि मान खाजवली.

"पास झालं. बाई सांगत होत्या, मोठी चाकं इथंच बसणार. केंद्राची तारही राहणार, पण केंद्र आता वाढत नाही. घर हलत नाही तुमचं." मग जरा थांबून, "त्या दिवशी मी जास्त बोललो, बुवा."

बुवांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. लादी काचेसारखी घट्ट होती, मधोमध पांढरी रेघ. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि बोटं बधिर होईपर्यंत काढला नाही. आयुष्यभर त्यांनी हे पाणी उन्हात तापवून आटवलं होतं. त्याच पाण्याच्या चालण्यानं काही गोठू शकतं, हे त्यांच्या हाताला पटत नव्हतं. ते लादीकडे बघत, मग समुद्राकडे, मग दुपारच्या फिकट चंद्राकडे, आणि परत लादीकडे.

"एवढ्या लांबून," ते म्हणाले.

सून रहाटाशी उभी होती. भरती टोकाला जाऊन आली होती, झडप मिटली होती, बांधाबाहेरच्या दगडांवर ओली रेघ दिसू लागली होती. बुवा उठले, गुडघे सावरत तिच्यापाशी आले आणि मुठीला हात लावून तिच्याकडे पाहिलं.

"उघडू का गं?"

तिनं पाण्याकडे पाहिलं. "अजून नाही, मामंजी."

बुवांनी मुठीवरचा हात काढला आणि ती सांगेपर्यंत तिथंच उभे राहिले.